दोरीवरचे लंगोट

वाचकहो, संपादकांनी यंदा माझ्याकडे 'इतिहासावर काहीतरी' मागितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा रायगड किंवा पानिपत असणार. मी मात्र तुमच्यापुढे लंगोट घेऊन आलो आहे. हसू नका. तलवार आपल्यापैकी फार थोड्यांनी हातात धरली असेल, पण लंगोट प्रत्येकाने वापरलेला आहे. तरीही माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात मी त्यावर एकही व्याख्यान दिले नाही. त्याचे कारण शेवटी सांगतो, कारण ते मला फारसे भूषणावह नाही.

नोव्हेंबर १९७७ मध्ये कोलंबस, ओहायो येथे आमच्या मुलीचा जन्म झाला. मी तेव्हा पीएच.डी. करत होतो आणि माझा विषय होता मुंबईच्या गिरण्यांतले कापड. बाळंतपणासाठी आई सांगलीहून आली. तिच्या ट्रंकेत डिंकाचे लाडू, ओवा आणि वावडिंग तर होतेच, पण निम्मी ट्रंक जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांनी भरलेली होती. मी म्हटले, "आई, इथे दुकानात नवीन मिळतं सगळं." ती म्हणाली, "अरे, नव्या कापडाला खळ असते. बाळाला टोचतं ते."

कापडावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलाला कापडाबद्दलची ही पहिली गोष्ट आईने सांगितली.

जुनेराचा प्रवास

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडे शब्द सांगतो. बाळाला गुंडाळायचे ते दुपटे. कमरेला बांधायचा तो लंगोट. अंगात झबले, डोक्याला टोपडे किंवा कुंची. या सगळ्या लहान कपड्यांना मिळून बाळोती असेही म्हणत. आपला लंगोट त्रिकोणी असे आणि त्याला नाड्या असत, त्यामुळे पिन लागत नसे.

या लंगोटाचे कापड मुद्दाम विकत आणायची पद्धत बहुतेक घरांत नव्हती. नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे नेसून, धुऊन, आपटून विरले की त्याचे जुनेर होई. त्यातला बरा भाग गोधडीला जाई आणि मऊ भाग दुपट्यांना व लंगोटांना. लंगोट फाटला की हातपुसणे, ते मळले की पोतेरे. एकच कापड आजीच्या अंगावर सुरू होऊन नातवाच्या कमरेवरून जमिनीपर्यंत पोहोचे. १८५० च्या दशकात कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली आणि पुढे मलमल व मांजरपाट घरोघरी सहज मिळू लागले, तरी तान्ह्या बाळाला पहिले कापड जुनेच, हा दंडक टिकून राहिला.

याला काही जण अंधश्रद्धा म्हणतील. नव्या कपड्याने दृष्ट लागते, असे म्हणत हे खरे. पण त्यामागचे व्यवहारज्ञान पाहा. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ गेलेली असते, तंतू मोकळे झालेले असतात आणि ते पाणी चटकन शोषते. शिवाय तो काळ आठवा. अमेरिकेत येऊन १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आपल्याला अभिमानाने ठाऊक असतात. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहाच दिवस जगले होते, आणि पुढे त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. बाळ जगेल याची खात्री नसताना नवे कपडे शिवून ठेवायला हात धजत नसत, हे मला आता वयानुसार समजते.

अमेरिकेतली बाजू

आता या देशाकडे वळू. 'डायपर' हे मुळात वस्तूचे नाव नव्हते. शंकरपाळ्यासारखी नक्षी पुन्हापुन्हा विणलेल्या पांढऱ्या कापडाला तो शब्द होता. ते कापड बाळांसाठी वापरू लागले आणि नाव बाळाच्या लंगोटाला चिकटले. इंग्लंडमध्ये मात्र 'नॅपकिन'वरून 'नॅपी' झाले.

इथल्या चौकोनी कापडाला नाड्या नव्हत्या, म्हणून टाचणी लागे आणि ती बाळाला टोचे. १८४९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि ते अवघ्या ४०० डॉलरला विकून टाकले. पुढे रबरी चड्ड्या आल्या. त्यांनी गादी कोरडी राहिली, पण हवा न लागल्याने बाळाची कातडी सोलवटून निघू लागली.

१९४६ साली मॅरियन डोनोव्हन या कनेक्टिकटमधल्या आईने न्हाणीघराचा पडदा कापला आणि लंगोटावर घालायचे जलरोधक आवरण शिवून पाहिले. पिनऐवजी तिने दाबाची बटणे लावली. कारखानदारांकडे गेली तर उत्तर मिळाले की असे काही कोणी मागितलेले नाही. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या दुकानाने ते विकायला ठेवले आणि ते भराभर खपले. १९५१ मध्ये तिला पेटंट मिळाले आणि तिने हक्क दहा लाख डॉलरला विकले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये व्हॅलेरी हंटर गॉर्डन यांनी जुन्या पॅराशूटच्या नायलॉनपासून तसेच आवरण आणि आत टाकून देता येईल अशी घडी तयार केली. दोघींनाही मुले होती आणि दोघीही धुण्याला कंटाळल्या होत्या. ज्यांना धुवावे लागत नव्हते त्यांना हा शोध सुचला नाही, याची नोंद घ्या.

मग पिओरिया. इलिनॉयमधल्या या गावात १९६१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने 'पॅम्पर्स' विक्रीला ठेवून पाहिले. त्यामागे व्हिक्टर मिल्स हे अभियंते होते आणि नातवंडांचे लंगोट धुण्याचा त्यांना तिटकारा होता. एका डायपरची किंमत दहा सेंट म्हणजे लोकांना महाग वाटली आणि पहिला प्रयत्न फसला. भाव उतरवल्यावर मात्र खप वाढत गेला. गंमत अशी की त्याच पिओरियात कृषी खात्याची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या स्टार्चपासून स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरून ठेवणारा पदार्थ शोधला. त्याच जातीची, पण पेट्रोलियमपासून बनवलेली पूड १९८० च्या दशकात डायपरमध्ये आली आणि जाडजूड डायपर पातळ झाला.

त्याचा हिशेब मागाहून आला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१८ या एका वर्षात या देशात सुमारे ४१ लाख टन डायपर कचऱ्यात गेले.

धुणार कोण

आता कापडाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा: ते धूत कोण होते?

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीतले कपडे विटाळाचे समजत. दहा दिवस सोयर. अनेक घरांत ते कपडे घरच्यांनी धुवायचे नाहीत, सुईणीने किंवा परटिणीने धुवायचे असा रिवाज होता. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत सुईणीचे काम मांग समाजातल्या स्त्रिया करत. ज्या हातांनी मूल जगात आणले आणि त्याचे पहिले लंगोट धुतले, त्याच हातांचे पाणी बारशाला चालत नसे. 'आपली जुनी पर्यावरणपूरक परंपरा' असे आपण अभिमानाने लिहितो, तेव्हा हे वाक्य गाळू नये.

कोलंबसमध्ये सुईण नव्हती. धूत होत्या आई आणि माझी पत्नी. इमारतीच्या तळघरातल्या यंत्राला नाणी लागत आणि विद्यार्थ्याच्या पगारात ती मोजून पुरवावी लागत. म्हणून आई लंगोट बाथटबमध्ये धुई आणि गॅलरीत दोरी बांधून वाळत घाली. आठवड्यात इमारतीच्या ऑफिसची चिठ्ठी आली: गॅलरीत कपडे दिसता कामा नयेत. आईला मी त्याचा अर्थ सांगितला. तिने विचारले, "का रे, इथे ऊन पण भाड्यानं मिळतं का?" दोरी आत आली, स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत.

जानेवारी १९७८ च्या अखेरीस ओहायोत ते मोठे हिमवादळ आले. तेव्हा इथे असलेल्यांना ते आठवत असेलच. रस्ते बंद, दुकाने बंद. शेजारच्या तरुण अमेरिकन जोडप्याकडचे डायपर संपले. आईने उरलेले एक लुगडे घेतले, टरकावले आणि डझनभर लंगोट करून त्यांच्या दारात नेऊन दिले. भाषा येत नव्हती, तेव्हा घडी कशी घालायची ते तिने आमच्या मुलीवरच करून दाखवले. ते पाहायला मी दारात उभा होतो. नंतर खोलीत जाऊन पुन्हा प्रबंध लिहू लागलो. डोक्यावरच्या दोरीवरून वहीवर थेंब पडत होते आणि मला त्याचा राग येत होता.

कसे वापरावे

तरुण आईबाबांनो, तुमच्यापैकी काही जण पुन्हा कापडाकडे वळत आहात असे ऐकतो. माझ्या पत्नीने सांगितलेले आणि मी पडताळलेले चार मुद्दे देतो.

नवे सुती लंगोट वापरण्याआधी चारपाच वेळा धुवा, म्हणजे कापसातला नैसर्गिक मेणकटपणा जाऊन ते शोषू लागतील. शी लागलेला लंगोट आधी थंड पाण्यात खळबळून काढा. थेट कढत पाण्यात टाकल्यास डाग पक्का बसतो. नंतर गरम पाण्याने धुवा. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव अजिबात घालू नका. त्यांचा थर कापडावर बसतो आणि लंगोट पाणी शोषेनासा होतो. पुरळावर लावायच्या दाट मलमानेही तेच होते. ओले लंगोट बंद डब्यात दोन दिवस ठेवू नका, कारण मूत्रातल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो. डोळ्यांत पाणी आणणारा तो वास त्याचाच. आणि शक्य तिथे उन्हात वाळवा. डाग फिके करायला उन्हासारखे दुसरे काही नाही.

शेवटचा मुद्दा पर्यावरणाचाही आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्ही प्रकारांची तुलना केली. कार्बनच्या हिशेबात सरासरी वापरात फारसा फरक निघाला नाही. पण यंत्र पूर्ण भरून धुतले, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. म्हणजे आईने जे केले तेच. आज काही राज्यांत घरमालकांच्या संघटनांना दोरीवर सरसकट बंदी घालता येत नाही असे कायदेही आहेत. आपल्या राज्यात काय आहे ते पाहून घ्या.

आणि ज्यांना दोघांच्या नोकऱ्या सांभाळून हे जमत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मदतीला आजी आली नाही, घरी धुणारे चार हात नाहीत, तर टाकाऊ डायपर वापरण्यात अपराध नाही.

गेल्या वर्षी आमच्या मुलाला मुलगी झाली. त्याने आणि सूनबाईंनी कापड वापरायचे ठरवले. एका रात्री त्याचा फोन आला: "बाबा, आजी लंगोट कसा दुमडायची?" मी कापडाच्या इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. मला सांगता आले नाही. आई जाऊन वीस वर्षे झाली. फोन पत्नीकडे दिला. तिने टेबलावरचा रुमाल घेऊन कॅमेऱ्यापुढे घडी घालून दाखवली आणि माझ्या मुलाने पलीकडे ती घातली.

लंगोटांवर मी कधी व्याख्यान का दिले नाही, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. माझ्या प्रबंधात गिरणीतून बाहेर पडलेल्या कापडाच्या प्रत्येक वाराचा हिशेब होता. ते घरात आल्यावर कोणी धुतले, हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण मी धूत नव्हतो.

पुढच्या महिन्यात आम्ही मुलाकडे गेलो. पंचाहत्तराव्या वर्षी मी पहिला लंगोट धुतला. नीट निघाला नाही, मुलाने पुन्हा धुतला. त्यांच्याही वसाहतीत बाहेर दोरीला मनाई आहे, म्हणून गॅरेजमध्ये बांधली.

या दिवाळीत फराळाला सगळे जमाल तेव्हा घरातल्या ज्येष्ठ बाईंना विचारा: आमचे लंगोट कशाचे होते, कोण धूत होते, कुठे वाळत होते? आणि त्या सांगतील ते लिहून ठेवा. आम्हा इतिहासकारांकडे ते कागद नाहीत.

तुम्हा सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.