विटाळ आणि जंतू : एका शास्त्राच्या अध्यापनाचा इतिहास

अस्पृश्यतेचे जुने आधार ढासळले की तिचे समर्थक नवे आधार शोधतात. मनुस्मृतीचे नाव घेणे आता अडचणीचे झाले आहे. म्हणून विज्ञानाचे नाव घेतले जाते. सोवळे-ओवळे, विटाळ, शिवाशीव हे सारे आमच्या पूर्वजांचे जंतुशास्त्र होते, पाश्चात्त्यांना एकोणिसाव्या शतकात कळले ते आम्हाला हजारो वर्षे ठाऊक होते, असा युक्तिवाद सुशिक्षितांच्या बैठकीत सर्रास ऐकू येतो. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा त्याला आणखी बळ चढले. दोन हात अंतर राखण्याचा वैद्यकीय नियम आणि महारवाडा-मांगवाडा गावाबाहेर ठेवण्याचा धर्मनियम एकाच माळेत ओवले गेले. मी सूक्ष्मजीवशास्त्र विद्यापीठात शिकलो, पुढे ते शिकवीत आलो, आणि ज्यांच्या सावलीलाही विटाळ चिकटवला गेला त्यांच्यातलाच आहे. म्हणून या युक्तिवादाची तपासणी करणे मी माझे काम समजतो.

१

माझे विद्यार्थी जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, अंकुशनगरच्या आसपासच्या गावांतले. अंकुशनगर ही सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत. अंकुशराव टोपे यांच्या नावाची. १९७६ साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी या बाजूला आले आणि ज्वारी-कापसाच्या रानात ऊस उभा राहिला. अशा ठिकाणी हे शास्त्र शिकवताना मला लांबून उदाहरण आणावे लागत नाही, कारण या शास्त्राचा उगमच मुळी साखरेच्या धंद्याजवळ झाला. १८५६ साली फ्रान्समधील लील शहरात बीटच्या रसापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे नासू लागली. तो रसायनशास्त्राचे प्राध्यापक लुई पाश्चर यांच्याकडे गेला. पाश्चरांना चांगल्या पिंपात किण्वाच्या गोलसर पेशी दिसल्या. नासलेल्या पिंपात त्यांच्या जागी बारीक काड्यांसारखे जीव दिसले आणि रसात आम्ल भरले होते. नासण्यामागे दैवी कोप नसतो, एक विशिष्ट जीव असतो, हे तिथून सिद्ध होत गेले. अंकुशनगरच्या मुलाला हे चटकन पटते. तोडलेला ऊस गाळपाविना एक-दोन दिवस पडून राहिला की ल्यूकोनोस्टॉक नावाचे जंतू त्यातील साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, रस बुळबुळीत होतो आणि उतारा घटतो, हे त्याच्या घरातल्या माणसांनी पाहिलेले असते.

पुढे जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली जनावरांच्या फाशी रोगाचा आणि १८८२ साली क्षयाचा जंतू निश्चित केला. त्यांनी घालून दिलेली कसोटी आम्ही पहिल्याच महिन्यात शिकवतो. रोग्याच्या शरीरात तो जंतू आढळला पाहिजे. तो वेगळा काढून वाढवता आला पाहिजे. निरोगी प्राण्यात घातल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा हाती आला पाहिजे. पुढच्या काळात या कसोटीच्या मर्यादाही दिसल्या, पण पुरावा मागण्याची तिची शिस्त टिकून राहिली.

आता या शिस्तीपुढे विटाळ उभा करून पाहा. संसर्ग दोन्ही दिशांनी जातो. विटाळ मात्र खालच्याकडून वरच्याकडेच चढतो. ब्राह्मणाच्या स्पर्शाने महार बाटल्याचे कोणत्या धर्मग्रंथात आहे? रोगी बरा झाला की त्याच्यापासून धोका संपतो. युरोपातील बंदरांत जहाजे चाळीस दिवस रोखत आणि मग सोडून देत. आमच्यासाठी असा चाळिसावा दिवस कधी उगवलाच नाही, कारण विटाळ जन्माबरोबर लागतो आणि सरणापर्यंत सुटत नाही. जंतू जात विचारत नाही, विटाळ जातीखेरीज दुसरे काहीच विचारत नाही. आणि सावली पडल्याने कोणता रोग पसरतो, हे अजून कोणत्याही प्रयोगशाळेला दाखवता आलेले नाही. म्हणजे ज्याला पूर्वजांचे जंतुशास्त्र म्हटले जाते त्यात जंतूही नाही आणि शास्त्रही नाही. ती सत्तेची वाटणी आहे.

२

फाशी रोगाचेच उदाहरण पुढे नेऊ. हा रोग मेलेल्या जनावराच्या कातड्यातून, केसांतून, मांसातून माणसाला होतो. अंगावर काळा फोड उठतो, म्हणून त्याला काळपुळी म्हणतात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांत बाहेरून आलेली लोकर निवडणारे कामगार याच रोगाने मरत. त्याला नावच पडले लोकर निवडणाऱ्यांचा रोग. तेथील डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास त्याचा संबंध या जंतूशी जोडला आणि लोकर हाताळण्याचे नियम करावे लागले. धोका मालात आहे, माणसात नाही, असा निष्कर्ष तेथे निघाला.

आमच्याकडे मेलेले ढोर ओढण्याचे, फाडण्याचे, कातडे कमावण्याचे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या गळ्यात बांधले गेले. धोका त्यांनी अंगावर घेतला. गावाने चप्पल, मोट आणि वादी घेतली. कामाचा धोका ओळखून कामगाराचे रक्षण करायचे, तर धोका ओढवून घेणाऱ्या माणसालाच धोका ठरवले गेले. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले ते स्वाभिमानासाठी होते. पण आरोग्याच्या दृष्टीनेही ते किती योग्य होते, हे फाशीच्या जंतूचा धडा शिकवताना मी आवर्जून सांगतो.

३

दुसरा प्रसंग प्लेगचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन या रशियातून आलेल्या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत मुंबईत जातवार आणि धर्मवार प्लेग रुग्णालये उभी राहिली. मरणाच्या दारातही शेजारच्या खाटेवर कोण झोपणार याची काळजी होती! जंतू मात्र कुठल्याही जातीच्या पाटीपुढे थांबला नाही.

आणि त्याच १८९७ साली पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलासह, यशवंतसह, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनी संसर्ग स्वीकारला आणि विटाळ नाकारला. या दोन गोष्टी एकच आहेत असे म्हणणाऱ्याने सावित्रीबाईंच्या मृत्यूचा अर्थ सांगावा.

हाफकिन यांची पुढची कथाही शिकवण्यासारखी आहे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचल्यानंतर एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला, त्यांना पदावरून दूर केले गेले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ साली ते दोषमुक्त झाले. त्यांचे ज्यूपण त्यांना भोवले, असे तेव्हाही अनेकांना वाटले. चिमटा ज्योतीवर का धरायचा हे शिकवताना, पुराव्याआधी माणसाला दोषी का धरायचे नाही, हेही शिकवता येते.

४

आता महाड. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेनंतर बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने १९२४ सालीच ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, गुरेढोरे तेथे पाणी पीत होती. तरी तळे बाटले असे सनातन्यांनी ठरवले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी मंत्रघोषात तळ्यात रिकाम्या करून त्याची शुद्धी केली.

पाणी तपासण्याची पद्धत तेव्हा जगाला ठाऊक होती. एशरिक यांनी १८८५ साली आतड्यातील जंतूचे वर्णन केले होते. मॅककॉन्की यांचे पित्तक्षारयुक्त माध्यम १९०५ पासून वापरात होते. पद्धत अशी: पाण्याचे ठरावीक भाग माध्यमाच्या नळ्यांत घालायचे, सदतीस अंशांवर एक-दोन दिवस ठेवायचे, आम्ल तयार होऊन रंग बदलला आणि आतल्या उलट्या छोट्या नळीत वायू साठला, तर पाण्यात माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळल्याचा संशय धरायचा. गाईच्या शेणात हे जंतू विपुल असतात. ही परीक्षा शिकवताना मी विद्यार्थ्यांपुढे दोन नमुने ठेवतो. एका पाण्यात धुतलेल्या हाताची ओंजळ बुडवलेली असते, दुसऱ्यात चिमूटभर शेण कालवलेले. दुसऱ्या दिवशी नळ्या त्यांनी स्वतः वाचायच्या. चवदार तळे कोणी बाटवले, हा प्रश्न मग मला विचारावा लागत नाही.

न्यायालयातही विटाळाला पुरावा देता आला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादि रूढी सिद्ध झालेली नाही.

५

मराठवाड्यात ही प्रयोगशाळा आमच्यापर्यंत उशिरा आली. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि पदवीच्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच मिलिंद. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. २७ जुलै १९७८ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यात आमची घरे जाळली गेली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्याने आम्हाला सूक्ष्मदर्शकापर्यंत आणले त्याचे नावही येथे विटाळ ठरले होते.

मी शिकत होतो तेव्हाची एक गोष्ट. प्रयोगाच्या मेजावर माझा जोडीदार आणि मी एकच तार वापरायचो. तिच्या टोकावर कोट्यवधी जंतू असत; ती ज्योतीत लाल केली की आम्ही एकमेकांच्या हाती देत असू. मात्र मेजाखालच्या माठावर माझा पेला वेगळा असे, आणि कोणी न सांगता तो वेगळा राही. त्या तरुणाला निर्जंतुकीकरणात माझ्यापेक्षा जास्त गुण पडत. शास्त्र त्याच्या वहीत गेले होते, वागण्यात उतरले नव्हते. केवळ अभ्यासक्रम पुरा करणे म्हणजे विज्ञाननिष्ठा रुजवणे नव्हे, हे मी तेथे शिकलो.

६

आजचा प्रश्न ऊसतोडीच्या फडावर उभा आहे. कोणा एका कारखान्याविषयी मी बोलत नाही, साऱ्या साखरपट्ट्याविषयी बोलतो. ऊस किती तासांत नासतो याचा हिशेब धंद्याने बारकाईने ठेवला आहे. पण उचल घेऊन आलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पाच-सहा महिने कोपीत राहते. ती मंडळी कालव्याचे, ओढ्याचे, मिळेल त्या विहिरीचे पाणी पितात, आणि ते पाणी कोणी तपासत नाही. या तोडकऱ्यांत दलित आहेत, भटके आहेत, वंजारी आहेत. जुन्या गावात वरच्या अंगाचे पाणी गावाला आणि खालच्या अंगाचे आम्हाला होते. नव्या व्यवस्थेत उताऱ्याला प्रयोगशाळा आहे, माणसाला नाही.

१८९२ साली हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. लागूनच असलेले आल्टोना गाव त्याच एल्बे नदीचे पाणी वाळूतून गाळून पीत होते. ते बहुतांशी वाचले. पाण्याला शुद्ध करणारी गोष्ट कोणती, याचे उत्तर एवढे साधे आहे.

म्हणून माझे शिक्षक बंधू-भगिनींना आणि कार्यकर्त्यांना सांगणे आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली पाण्याची एक स्वस्त चाचणी प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर विष्ठेचा संशय धरायचा, पाणी उकळायचे किंवा त्यात क्लोरीन घालायचे. तिला मोठी यंत्रे लागत नाहीत. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हंगामात या बाटल्या कोप्यांवर न्याव्यात, निकाल मराठीत लिहून तोडकऱ्यांच्या आणि ग्रामपंचायतीच्या हाती द्यावेत. आपल्या गावातील प्रत्येक वस्तीचे पाणी तपासावे आणि आकडे शेजारी शेजारी मांडावेत. विटाळाला विज्ञान म्हणणाऱ्यांशी वाद घालताना आपल्या हातात मग नुसते शब्द राहणार नाहीत, काळ्या पडलेल्या बाटल्या असतील.