कात्रजचा नळ : पुण्याच्या पाण्याची गोष्ट

१/ पुण्यात काळा हौद, बदामी हौद, सदाशिव हौद, साततोटी, पंचहौद अशी नावे पदोपदी भेटतात. बहुतेक ठिकाणी हौद आता दिसत नाही, नाव मात्र उरले आहे. ही नावे आठवण देतात ती एका जुन्या नगररचनेची, जिच्यात घरोघरी तोटी नव्हती आणि पाणी हौदावरून भरले जाई. तिचा इतिहास या धाग्यात पाहू. #धागा #इतिहास

२/ पेशव्यांनी पुण्यास राजधानीचे रूप दिले आणि शहर झपाट्याने वाढले. मुठा नदी शेजारून वाहत होती, पण ती पेठांपेक्षा खालच्या पातळीवर. नदीचे पाणी वर चढवण्याचे यंत्र त्या काळी नव्हते. विहिरी आणि आड वाढत्या वस्तीला पुरे पडेनात. म्हणजे पाणी हवे ते शहराहून उंच जागेवरचे.

३/ अशी जागा दक्षिणेस होती : कात्रजचा घाटमाथा आणि त्याच्या पायथ्याचा आंबील ओढा. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत तेथे काम सुरू झाले. ओढ्यावर बंधारे घालून तलाव बांधण्यात आले आणि तेथून सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बंदिस्त नळ शहरात आणला गेला. पुढच्या दशकात ही योजना पूर्णत्वास गेली.

४/ येथे ‘नळ’ म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. हा जमिनीखालून जाणारा दगड-विटा-चुन्यात बांधलेला मार्ग होता, माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढा प्रशस्त. सारी भिस्त उतारावर. उतार जास्त झाला तर वेगाने बांधकाम झिजते, कमी झाला तर गाळ साचतो. आठ किलोमीटरभर हा तोल राखणे हेच त्या कारागिरांचे खरे कसब.

५/ नळावर ठरावीक अंतरावर ‘उच्छ्वास’ बांधले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, आत उतरण्यास वाट मिळे आणि तळाशी गाळ बसे. शहरात पोहोचेपर्यंत पाणी बरेचसे निवळलेले असे.

६/ मग ते पाणी हौदांत वाटले जाई. काही हौद सार्वजनिक, काही सरदारांच्या वाड्यांतले. शनिवारवाड्यातील कारंजीही याच पाण्यावर उडत. तोच नळ वाड्यातील कारंजे उडवत होता आणि पेठेतील घागरही भरत होता.

७/ परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ सर्वांसाठी सारखा नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींना सवर्णांच्या हौदावर हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी वाढेल तेवढेच पाणी त्यांच्या वाट्याला येई. स्थापत्याचा प्रश्न सुटला होता, न्यायाचा सुटला नव्हता.

८/ १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हा हौद खासगी होता, त्यामुळे कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. पण समाजाचा रोष ओढवून घेण्याची तयारी मात्र हवी होती. पुढे १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते.

९/ दरम्यान इंग्रजी राजवटीत पाणी आणण्याच्या नव्या तऱ्हा आल्या. १८४० च्या दशकात जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बांध घालण्यात आला. ‘बंडगार्डन’ हे नाव त्याच बांधावरून पडले. पुढे मुठेवर खडकवासला धरण बांधले गेले. ते १८७९ मध्ये पूर्ण झाले आणि शहराची भिस्त धरणावर व कालव्यावर गेली. कात्रजचा नळ हळूहळू दुय्यम ठरला.

१०/ पाण्यावरील हक्काची लढाई मात्र पुढे चालू राहिली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. फुल्यांच्या हौदापासून तोवर जवळजवळ साठ वर्षे उलटली होती.

११/ १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि पुण्यात पूर आला. ज्या धरणाने शहराची तहान भागवली, तेच त्या दिवशी रिकामे झाले. अशा वेळी जुने हौद आणि विहिरी लोकांच्या कामी आल्या. ‘कालबाह्य’ म्हणून सोडून दिलेली व्यवस्था मोठी व्यवस्था कोसळली त्या दिवसांत उपयोगी पडली.

१२/ या साऱ्या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पाण्याचा एकच स्रोत असलेले शहर संकटकाळी निराधार होते. आणि नळ शहरात पोहोचला म्हणजे पाणी प्रत्येकाच्या घागरीपर्यंत पोहोचते असे नाही. पहिला प्रश्न अभियंत्यांचा, दुसरा नागरिकांचा.

१३/ पुण्यात राहत असाल तर आपल्या पेठेतील हौद कोठे होता, हे वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. त्या हौदावर पाणी भरण्याचा हक्क कोणाला होता, हेही विचारा. दुसरे उत्तर बहुधा पुस्तकात सापडणार नाही. ते सांगणारी माणसे आहेत तोवर नोंदवून ठेवा. (समाप्त)