काळीची मोजणी आणि पांढरी

लातूर जिल्ह्यातील देवणीच्या पूर्वेस वीसएक कोसांवर, बीदरच्या परिसरात, दामरगिड्डा नावाचे एक स्थान आहे. पृथ्वीच्या आकृतीचा अभ्यास करणाऱ्या भूमितिज्ञांना ते शतकाहून अधिक काळ परिचित आहे, आणि त्याच्या आसमंतात पिढ्यानपिढ्या जोंधळा पिकविणाऱ्या कुणब्याला मात्र त्याची थोरवी बहुधा कोणी सांगितलीच नसावी. १८०२ साली मद्रासनजीक आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी घेऊन विल्यम लॅम्टन हा लष्करी अधिकारी उत्तरेकडे सरकत सरकत १८१५ मध्ये निजामाच्या मुलखात बीदरजवळ पोहोचला, तेथे त्याने पोलादी साखळीने एक आधाररेषा मोजली, आणि अर्ध्या टनाच्या कोनमापक यंत्राने टेकड्याटेकड्यांचे वेध घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो पुढे निघाला. १८२३ मध्ये हिंगणघाट मुक्कामी त्याचे देहावसान झाले. पण त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने आपल्या रेखावृत्तीय कंसाचे दक्षिण टोक म्हणून दामरगिड्डाच निवडले. या साऱ्या खटाटोपात शिखरे आणि बुरूज यांना स्थान होते ते केवळ वेध घेण्याच्या सोयीपुरते. माणसे कोठे आणि कशा घरांत राहतात, हा त्या शास्त्राचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न दुसऱ्या मोजणीचाही नव्हता, आणि ही दुसरी मोजणी तर थेट गावाच्या शिवारात आली. सर सालारजंगांनी निजामी राज्यात जिल्हाबंदी करून महसुलाची घडी बसविली, त्यानंतर मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी रूढ केलेली पद्धत इकडेही स्वीकारली गेली. तिचे मुख्य हत्यार म्हणजे तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांत विभागलेली. तेवढ्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब शाळेचे तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही आजतागायत मुखोद्गत असतो. मोजणीदार बांधावर उभा राहून पायारेषा धरी, तिच्यापासून कोपऱ्याकोपऱ्यापर्यंतची लंबांतरे टिपणात मांडी, हद्दीच्या खुणा रोवून घेई, आणि जमिनीचा कस आण्यांत ठरवून तिचा आकार बांधला जाई. थेट सरकारी अंमलाखालच्या दिवाणी मुलखात हे काम जितके झाले, तितके जहागिरी, पायगा सरदारांच्या आणि निजामाच्या खासगी सर्फेखासच्या गावांत झाले नाही. ती विषमता १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्यावरच हळूहळू मिटत गेली. देवणी ज्या उदगीर तालुक्यात होती, तो तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, आणि राज्यपुनर्रचनेत जिल्हा बदलला तरी दप्तरातील टिपणे तीच राहिली.

या दप्तराची शिस्त वाखाणण्याजोगी होती, यात शंका नाही. वादी-प्रतिवादी चार बोटे बांधासाठी कज्जा करीत तेव्हा तेच कामी येई. परंतु त्यात एक मोठी पोकळी होती. पिकणारी काळी सर्व्हे नंबरांत विभागलेली, तर माणसे राहतात ती पांढरी मात्र, काही मोठी गावे वगळता, गावनकाशावर एका अखंड आकृतीत कोंडलेली. तीत ना बोळ, ना वाडा, ना चिंचोळ्या चौकात दाटीने उभी असलेली घरे. सारा काळीवर बसत होता, म्हणून सरकारची दृष्टी काळीवर होती. सरकार जे वसूल करते तेच बारकाईने मोजते, असे म्हटले तर कोणाला ते कटू वाटेल. मला ते केवळ वस्तुस्थितीचे निवेदन वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्याने या पोकळीवरच घाला घातला. देवणीपासून ते ठिकाण साठ किलोमीटरांपलीकडे नाही. जीवितहानी सुमारे दहा हजारांची झाली, आणि ती काळीत नव्हे, पांढरीत झाली: मातीत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर थरांवर थर चढवून वजनदार झालेले धाब्याचे माळवद, हेच निजलेल्या कुटुंबांवर कोसळले. भूकंपप्रवणतेचा जो राष्ट्रीय नकाशा त्या वेळी प्रचलित होता, त्यात हा भूभाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात रंगविलेला होता. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशा दुरुस्त झाला खरा, पण भूकंप होऊन गेल्यावर.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुनी पांढरी सोडून काळीत गाव बसविणे म्हणजे जमीन संपादन करणे, तिची मोजणी करणे, रस्ते आखणे आणि प्रत्येक कुटुंबाला भूखंड नेमून देणे. गावठाणाचा एवढा तपशीलवार आराखडा या मुलखाने पूर्वी कधी पाहिला नसावा.

आता ड्रोनने गावठाणांची मोजणी होते. तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला, आणि २०२० पासून ती स्वामित्व योजना म्हणून देशभर पसरली. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या स्थिर उपग्रह-केंद्रांच्या आधारे, हातात रोव्हर घेतलेला भूकरमापक काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने बिंदू निश्चित करतो. लॅम्टनच्या यंत्राला जे सामर्थ्य खलाशांच्या फौजेनिशी मिळवावे लागे, ते आता एका खांबावर सामावले आहे. रस्त्याची आखणी, कालव्याचा उतार, पुरात मांजरा नदीचे पाणी कोठवर चढेल याचा अंदाज, या सर्वांना हे बिंदू पायाभूत ठरतात.

तथापि, ड्रोनला दिसते ते छप्पर. त्याखालची भिंत सिमेंटची की मातीची, हे आकाशातून कळत नाही. आणि या मोजणीतून मिळणारी मिळकत पत्रिका हक्क नि क्षेत्रफळ सांगते, भिंतीचा भरवसा सांगत नाही. गंमत अशी की ही माहिती गावातच असते: घरपट्टी बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे आकारली जात असल्याने, दगडमातीचे घर कोणते आणि पक्के कोणते याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये होत असते. एक नोंद भूमी अभिलेख कार्यालयात, दुसरी ग्रामपंचायतीच्या कपाटात. या दोन्ही एकत्र मांडल्या, तर कोणत्या आळीत ढिगाऱ्याखाली अधिक माणसे अडकतील आणि जेसीबी कोणत्या बोळातून आत जाऊच शकणार नाही, हे भूकंपाच्या आधीच सांगता येईल.