बँकेच्या दारावरची नोटीस

जांभूळच्या केंद्रात बारवीचे पाणी शुद्ध होते आणि मग पुढे कारखान्यांना व वस्त्यांना जाते. नळ उघडणाऱ्याच्या मनातही ते केंद्र येत नाही. पाणी गढूळ आले म्हणजे मात्र येते. रिझर्व्ह बँकेचेही तसेच आहे, बरे का. १ एप्रिल १९३५ रोजी ती सुरू झाली, १९३७ साली तिचे मुख्य कार्यालय कलकत्त्याहून मुंबईस आले आणि १९४३ मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण आपली गाठ पडते ती जवळच्या बँकेशी. तिच्यावर नजर ठेवणारा कोणी आहे, हे बहुधा ती अडचणीत आल्यावरच कळते.

१९४९ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेला बँकांची दप्तरे तपासण्याचा अधिकार दिला. अधिकार कागदावर मिळतो, माणसे तयार करावी लागतात. १९५४ मध्ये मुंबईत बँकर्स ट्रेनिंग कॉलेज निघाले ते याच गरजेतून.

आता खरा पेच पाहा. तपासनिसाला बँक दुबळी आढळली, तर ते लोकांना सांगावे की नाही? सांगितले तर दुसऱ्याच दिवशी दारात रांग लागणार आणि दुबळी बँक मरणार. न सांगावे, तर भोळा माणूस पैसे ठेवीतच राहणार. १९६० साली हेच घडले. आपल्याकडे अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली; ऑगस्टमध्ये केरळातील पालाई सेंट्रल बँक बंद झाली. पालाईची प्रकृती रिझर्व्ह बँकेला तपासणीतून बरीच आधी कळली होती. ठेवीदाराला ती कळली दाराला कुलूप लागल्यावर. घबराट इतर बँकांपर्यंत गेली. नुसते “भिऊ नका” म्हणून भागणार नव्हते. म्हणून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. दर बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे मर्यादा १,५०० रुपयांची होती. अमेरिकेनंतर अशी देशव्यापी सोय करणारा देश आपलाच. माझ्या मते शंभर पत्रकांनी जो धीर दिला नसता, तो या विम्याने दिला.

यंत्रे मागाहून आली. १९८० च्या दशकात मुंबईत चुंबकीय शाईचे धनादेश यंत्रावर छाटले जाऊ लागले. पुढे सगळी खातीच संगणकात गेली. तथापि यंत्र तेच दाखवते, जे त्याला दाखवू दिले जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा बाहेर आले की एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवून तपासनिसांना याद्या दिल्या जात होत्या. ठेवीदारांना निरोप मोबाइलवर आला: सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील. निरोप किती चटकन पोचला! पण औषधपाण्याला पैसे कुठून आणायचे, हे त्यात नव्हते. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

दरम्यान, फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती. २०२१ च्या दुरुस्तीने अशा निर्बंधांनंतर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पूर्वी लोक वर्षानुवर्षे ताटकळत. बँकेविषयी तक्रार असेल तर १४४४८ या क्रमांकावर मराठीतही विचारता येते.

शिक्षकांनी एक गोष्ट मात्र वर्गात आणि पारावरही जरूर सांगावी. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका या विम्यात आहेत. गावची पतसंस्था व विकास सोसायटी त्यात नाही. तिच्या दारावर पाटी “बँके”सारखी दिसली तरी नाही. तिची नोंदणी सहकार खात्याच्या निबंधकाकडे असते, आणि तिथल्या ठेवीबद्दल चौकशी करायची ती त्याच कचेरीत.