गहन मानसशास्त्राचा उगम

व्यक्तीला जाणीव नसलेल्या, तथापि तिचे वर्तन, स्वप्ने व मनोविकारांची लक्षणे यांवर प्रभाव पाडणाऱ्या मानसिक प्रक्रियांचा शोध घेणाऱ्या विचारप्रणालींना ‘गहन मानसशास्त्र’ म्हणतात. स्विस मनोविकारतज्ञ ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) याने ही संज्ञा १९१० च्या सुमारास वापरात आणली. अबोध मनाच्या शोधाचे श्रेय सामान्यतः सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यास दिले जाते. परंतु ही कल्पना त्याच्यापूर्वीच दोन वाटांनी विकसित होत होती.

पहिली वाट तत्त्वज्ञांची. लायप्निट्स (१६४६–१७१६) याने जाणिवेत न उमटणाऱ्या सूक्ष्म संवेदनांचे अस्तित्व मानले. परस्परविरोधी कल्पनांपैकी दुर्बल कल्पना जाणिवेच्या उंबरठ्याखाली ढकलल्या जातात, असे हेर्बार्ट (१७७६–१८४१) याने प्रतिपादिले. हार्टमानचा अबोधाचे तत्त्वज्ञान मांडणारा ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी वाट चिकित्सकांची. मेस्मर (१७३४–१८१५) याच्या ‘प्राणिचुंबकत्व’ उपचाराची चौकशी १७८४ मध्ये पॅरिस येथे फ्रँक्लिन, लाव्हॉयझर प्रभृतींच्या समितीने केली. चुंबकद्रव्य अस्तित्वात नसून दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीचे होत, असा तिने निर्वाळा दिला. द्रव्य खोटे ठरले. पण कल्पनाशक्ती शरीरावर असे परिणाम कशी घडविते, हा प्रश्न शिल्लक राहिला. पुढे शार्को (१८२५–९३) याने संमोहनाने कृत्रिम पक्षाघात घडवून दाखविला. फ्रॉइडने १८८५-८६ मध्ये त्याच्याकडे अध्ययन केले. १८८९ मध्ये पिअर झाने याने जाणिवेपासून विलग झालेल्या मानसिक क्रियांचे विवेचन केले.

व्हिएन्नातील योझेफ ब्रॉयर (१८४२–१९२५) याने १८८०–८२ या काळात ‘आना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या तरुणीवर उपचार केले. लक्षणांच्या प्रारंभाची आठवण भावनेसह सांगितल्यावर तिची लक्षणे नाहीशी होत, असे त्याने नोंदविले. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले. या वृत्तांताचा समावेश ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या उन्मादविषयक ग्रंथात (१८९५) आहे. तीत ती रोगमुक्त झाल्याचे म्हटले असले, तरी जुलै १८८२ मध्ये तिला क्रॉइट्स्लिंगेन येथील आरोग्यधामात ठेवावे लागले, हे १९७० नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. पुढे बेर्टा पापेनहाइम (१८५९–१९३६) या आपल्या खऱ्या नावाने तिने समाजकार्यात कीर्ती मिळविली. १९०४ मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांचा संघ स्थापन केला.

फ्रॉइडने संमोहन सोडून मुक्त साहचर्याची पद्धती स्वीकारली व स्वप्नमीमांसा (१९००) लिहिली. अबोधाचा पद्धतशीर सिद्धांत रचणे व रुग्णाच्या बोलण्यालाच पुराव्याचे स्थान देणे, हे त्याचे खरे कार्य होय. तथापि पायाभूत मानला गेलेला रुग्णवृत्तांतच अपुरा ठरल्याने उपचाराच्या यशाची पडताळणी उपचारकाच्या कथनापलीकडील पुराव्याने होणे आवश्यक ठरते.