दप्तरात दडलेली वॉरंटे

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या उत्तरेला फर्ग्युसन नावाचे एक गाव आहे. २०१० साली वस्ती सुमारे २१ हजार होती. या गावाच्या नगर न्यायालयाने २०१३ या एका वर्षात ९ हजारांहून अधिक अटक वॉरंटे काढली. डिसेंबर २०१४ मध्ये या न्यायालयाचे वॉरंट डोक्यावर असलेली माणसे १६ हजारांहून जास्त होती. त्यांत गावकरी होते तसे येणारे-जाणारेही होते. यातली बहुसंख्य प्रकरणे दरोड्याची किंवा मारामारीची नव्हती. गाडी चुकीच्या जागी लावणे, वाहतुकीचा नियम मोडणे, घराच्या आवारात गवत माजू देणे, अशी होती.

एवढ्याशा गोष्टीवरून अटक कशी होते, हे समजण्यासाठी वॉरंटाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक वॉरंट पोलीस पुरावा दाखवून मागतात. दुसरे न्यायाधीश आपण होऊन काढतात, कारण बोलावलेला माणूस तारखेला आला नाही किंवा न्यायालयाचा हुकूम त्याने पाळला नाही. न्यायासनावरून थेट निघते म्हणून याला ‘बेंच वॉरंट’ म्हणतात. ही पद्धत इंग्रजी कायद्याची. आपल्याकडेही तारीख चुकली की पकड वॉरंट निघते ते याच परंपरेतून. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७० सांगत असे की, वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा काढणारे न्यायालय ते रद्द करीपर्यंत अमलात राहते. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ७२ मध्ये आहे. अमेरिकेतही नियम साधारण हाच. माणूस विसरतो, घर बदलतो, म्हातारा होतो. वॉरंट मात्र दप्तरात तसेच राहते.

९ ऑगस्ट २०१४ रोजी फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर अमेरिकेच्या न्याय विभागाने गावच्या पोलिसांची आणि न्यायालयाची तपासणी केली. मार्च २०१५ मध्ये अहवाल बाहेर आला. त्यात एका महिलेची हकिकत आहे. तिचे नाव दिलेले नाही. २००७ साली तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दंड १५१ डॉलर आणि वर शुल्क. पुढची काही वर्षे तिची आर्थिक ओढाताण झाली, मध्येच राहायला घरही नव्हते. तारखा आणि हप्ते चुकले. गैरहजेरीचे सात गुन्हे तिच्यावर लागले आणि प्रत्येकाबरोबर नवे वॉरंट व नवा दंड आला. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडी झाली. तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर भरून पाहिले; पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते परत केले. डिसेंबर २०१४ पर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर बाकी होते.

ही हकिकत तपासनिसांना न्यायालयाच्या नोंदींतूनच जुळवता आली. प्रत्येक तारीख, प्रत्येक वॉरंट, परत केलेला प्रत्येक डॉलर तिथे लिहिलेला होता. पण ज्यांच्या नावाने ते लिहिले जात होते, त्यांना ते सहज दिसत नव्हते.

त्याची कारणे साधी होती. सेंट लुईस काउंटीत त्या वेळी ९० नगरपालिका आणि ८१ नगर न्यायालये होती. चार मैलांच्या रस्त्यावर गाडी चार गावांतून जाई, आणि प्रत्येक गावाचे दप्तर निराळे. राज्याची ‘केस.नेट’ ही संगणकीय सूची कोणालाही पाहता येई. पण बरीचशी नगर न्यायालये तिच्यात नव्हती. फर्ग्युसनचे न्यायालय महिन्यातून तीन-चार वेळाच, जेमतेम तीन तास बसे. एका बैठकीला कधी पाचशे माणसे येत. माणसाला वॉरंट असल्याचे कळे ते पोलिसाने रस्त्यात गाडी अडवून नाव संगणकावर टाकल्यावर. निव्वळ नगर न्यायालयाच्या वॉरंटावरून अटक झालेल्यांत ९६ टक्के कृष्णवर्णीय होते. गावात त्यांचे प्रमाण ६७ टक्के होते.

यामागे पैशाचे गणित होते. २०१० च्या आर्थिक वर्षात गावाला दंड आणि शुल्कांतून १३.८ लाख डॉलर मिळाले. २०१५ च्या अंदाजपत्रकात हा आकडा ३०.९ लाख धरला होता.

वॉरंट शोधून ते सोडवण्याची वाट कायद्यात होती. न्यायालयाच्या कारकुनाकडे नाव आणि जन्मतारीख देऊन नोंदवही पाहायची, प्रकरणाचा क्रमांक घ्यायचा, वकिलामार्फत हजेरी नोंदवून वॉरंट मागे घेण्याचा अर्ज करायचा आणि नवी तारीख मागायची. दंड भरता येत नसेल तर तसे सांगायचे. १९८३ साली ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले होते की, माणूस मुद्दाम भरत नाही की त्याला परवडत नाही, याची चौकशी केल्याशिवाय थकलेल्या दंडासाठी तुरुंगात पाठवता येत नाही. बेअर्डन हा नोकरी गेलेला, लिहितावाचता न येणारा माणूस होता. त्याने पहिले २०० डॉलर आईवडिलांनी उसने आणून दिल्यावर भरले होते.

पण वॉरंट असलेल्या माणसाला न्यायालयाच्या दाराशी जायचीच धास्ती वाटते: विचारायला गेलो आणि तिथेच धरले तर? २००५ साली ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरात यावर एक उपाय करून पाहिला. न्यायालय चार दिवस एका चर्चमध्ये हलवले. न्यायाधीश, कारकून, वकील सगळे तिथे. आठशेहून अधिक माणसे आपल्या पायांनी आली, आणि त्यांतले बहुतेक त्याच दिवशी घरी गेले.

फर्ग्युसनमध्ये गैरहजेरीचा वेगळा गुन्हा सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये नवे न्यायाधीश डोनाल्ड मॅक्युलिन यांनी ३१ डिसेंबर २०१४ पूर्वीची सारी अटक वॉरंटे मागे घेतली. ती दहा हजारांच्या आसपास होती. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. वॉरंट गेले म्हणजे खटला गेला असे नव्हे. लोकांना नव्या तारखा मिळाल्या, हप्ते किंवा समाजसेवेचा पर्याय मिळाला. न्यूयॉर्कने पुढचे पाऊल टाकले. ऑगस्ट २०१७ मध्ये चार सरकारी वकिलांच्या विनंतीवरून दहा वर्षांहून जुनी ६ लाख ४४ हजार वॉरंटे त्यांच्या मूळ प्रकरणांसकट निकालात निघाली. ती उघड्यावर दारू पिणे, रात्री बागेत थांबणे अशा किरकोळ गुन्ह्यांची होती.

तरीही जून २०१६ मध्ये न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी एका भिन्नमतपत्रात देशातील वॉरंटांचा आकडा नोंदवला होता: ७८ लाखांहून अधिक. त्यांतली बहुतेक किरकोळ गुन्ह्यांची आहेत, असेही त्यांनी लिहिले. फर्ग्युसनचा दाखला पाहता या आकड्यावरचा उपाय केवळ क्षमेत नाही. नोंद ज्याच्या नावाची आहे त्याला ती घरबसल्या पाहता आली पाहिजे, आणि ती पाहून तो न्यायालयात आला तर संध्याकाळी घरी परतेल याची खात्री त्याला असली पाहिजे. १५१ डॉलरच्या त्या दंडाची नोंद सात वर्षे दप्तरात होती. त्या महिलेला पैसे परत पाठवण्यापूर्वी कोणी ती पाने उलटून पाहिली असती, तर सहा दिवसांची कोठडी टळली असती.