पान्याआधी नट

1969 साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स 1973 मध्ये सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि एकाच यंत्राच्या दावणीतून सुटली. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 386 चिपसाठी लिनक्स रचले. 2012 मध्ये त्याच 386 ला लिनक्सने निरोप दिला. म्हणजे मुक्त प्रणालीलाही यंत्र जुळावे लागते.

छावणीतील युनियनच्या कचेरीत जुना संगणक भंगारात जाऊ नये म्हणून आम्ही लिनक्स बसविले. वाय-फायचे कार्ड आधी तपासले नाही. ते मुके राहिले. वर्गणीच्या नोंदींची प्रत काढली होती, म्हणून कामगारांपुढे मान खाली गेली नाही. तेव्हापासून प्रणाली आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहतो, मगच डिस्क पुसतो. फिटर नट पाहूनच पाना उचलतो. हे आम्हांस ठाऊक असायला हवे होते.